भाकरीचा राखणदार

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय २२, वचने २४ ते २७



गेल्या पावसाळ्यात एका लहान मंडळीच्या भेटीस गेलो असता तेथील तरुण उपदेशकाने मला एक प्रश्न विचारला. हा भाऊ इंग्रजी शास्त्र जवळ बाळगतो व आपल्या मराठी शास्त्राशी ते ताडून पाहण्याचे श्रम करितो. तो म्हणाला, "पाळकसाहेब, आपण येशूस प्रभु म्हणतो. इंग्रजीत त्या ठिकाणी लॉर्ड असे आहे. पण विलायतेत मोठमोठे सरदार तेही लॉर्डच. हायकोर्टात वकील न्यायाधीशास हाक मारितात तीही लॉर्ड म्हणून. आणि आमच्या गावात एखादा मनुष्य कामाला हात न लावता नुसता हुकूम सोडू लागला म्हणजे लोक त्यास लाटसाहेब म्हणतात. तो लाट म्हणजेदेखील हाच शब्द, असे मी ऐकतो. मग हे नाव आपल्या तारणाऱ्यास शोभते तरी कसे?"

संध्याकाळची शेवटची गाडी गाठावयाची होती, म्हणून मी त्यास अर्धेच उत्तर दिले. उरलेले येथे लिहितो, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हे.

प्रथम त्या शब्दाची जन्मकथा ऐका. इंग्रज लोकांचे पूर्वज अँगल, सॅक्सन इत्यादी टोळ्यांचे लोक होते. ते पाचव्या शतकाच्या सुमारास समुद्र ओलांडून ब्रिटन बेटात आले. त्यांच्या बोलीस आज जुनी इंग्रजी म्हणतात, आणि ती आजच्या इंग्रजीहून इतकी निराळी आहे की शाळेत इंग्रजी शिकलेल्या मनुष्यास तिची एक ओळही लागणार नाही. त्या बोलीत भाकरीस 'ह्लाफ' म्हणत. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, तेथे ते लोक रोजचा ह्लाफ मागत असत. बेकरीत आपण पावाचा लोफ म्हणतो तो हाच ह्लाफ, पुढचा हकार गळून उरलेला. राखणारा, पहारा करणारा यास त्यांचा शब्द 'वेआर्ड' असा होता. वसतिगृहाचा वॉर्डन आपल्या मुलांस ठाऊक आहे, तो त्याच कुळातला. हे दोन शब्द जोडून 'ह्लाफवेआर्ड' झाला, म्हणजे भाकरीचा राखणदार. नदीच्या पात्रात दगड घासून गुळगुळीत होतो तद्वत हा शब्द लोकांच्या तोंडी घासत गेला. त्याचा 'ह्लाफोर्ड' झाला, मग 'लॉवर्ड' झाला, आणि शेवटी चौदाव्या शतकाच्या सुमारास एवढासा 'लॉर्ड' उरला. त्यात आता भाकरीचा वासही येत नाही, पण जन्म तिचाच आहे.

हा राखणदार म्हणजे कोणी राजा नव्हे. तो एका घरचा धनी. त्या थंड देशात गव्हाची व जवाची कापणी उन्हाळ्याच्या शेवटी होई, आणि तेवढ्या धान्यावर पुढच्या कापणीपर्यंत घरातल्या सर्व तोंडांस जगावे लागे. कोणी तरी कोठारावर लक्ष ठेवून, माघ-फाल्गुनात लेकरे उपाशी राहू नयेत म्हणून आश्विनातच हात आखडणे भाग होते. ज्याने कणगीचा तळ पाहिला आहे त्यास हे समजावून सांगावयास नको. पहिल्या कापणीच्या गव्हाची भाकर ते लोक १ ऑगस्ट रोजी देवळात आणीत व त्या दिवसास ह्लाफमॅस, म्हणजे भाकरीची उपासना, असे म्हणत. आपला उपकारस्तुतीचा सण त्याच जातीचा आहे.

धनी भाकरीचा राखणदार, तर धनीण कोण? तिचे नाव 'ह्लॅफदिये', आणि त्याचा अर्थ भाकरीचे पीठ मळणारी. तेच झिजून 'लेडी' झाले. मुंबईच्या आगगाडीत लेडीज डबा म्हणून जो असतो त्यात सकाळी डबे भरून, घरच्यांसाठी भाकऱ्या थापून आलेल्या हजारो बाया उभ्या असतात. त्यांस कोणी सांगितले नसेल, पण त्या पाटीवरचे नाव तिच्या सर्वात जुन्या अर्थाने त्यांचेच आहे. पुढे मात्र जिला स्वतः पीठ मळावे लागत नाही तीच लेडी, असा त्या शब्दाचा अर्थ उलटला. शास्त्रातील साराचे उदाहरण पाहा. तिच्या नावाचा अर्थच सरदारीण असा आहे, आणि तंबूच्या दाराशी तीन पाहुणे आले तेव्हा अब्राहामाने तिलाच लगबगीने तीन मापे सपीठ मळावयास सांगितले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या 'दिये' या अंशाचे, इंग्रजीत मळलेल्या कणकेस डो म्हणतात त्याचे, आणि आपल्या संस्कृतातून आलेल्या 'देह' या शब्दाचे मूळ एकच आहे असे भाषाशास्त्री मानतात. ओली माती अगर पीठ हाताने लिंपून, दाबून आकार देणे हा त्या मूळ धातूचा अर्थ. म्हणजे आपल्या भाषेत शरीरास देह म्हणताना 'मळून घडविलेला' असे आपण म्हणतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने जमिनीच्या मातीचा मनुष्य घडविला असे आहे, ते वाचताना परातीतले हात डोळ्यांपुढे आणा.

त्या घरात तिसरे एक नाव होते, आणि बंधूंनो, मला वाटते की आपणांस सर्वात जवळचे तेच आहे. घरच्या गड्यास 'ह्लाफ-ऍटा' म्हणत, म्हणजे भाकर खाणारा. केंट प्रांताचा राजा एथेलबर्ट याने, रोमेहून ५९७ साली आलेल्या ऑगस्टिनाच्या उपदेशाने ख्रिस्ती झाल्यावर, सुमारे ६०० साली कायदे लिहविले. इंग्रजी भाषेत लिहिलेले इतके जुने दुसरे कायदे उपलब्ध नाहीत. त्यात एक कलम असे आहे की साध्या शेतकऱ्याचा भाकर खाणारा कोणी मारिला तर मारणाऱ्याने ६ शिलिंग भरावे. त्याच कायद्यात सामान्य स्वतंत्र मनुष्याच्या जिवाची भरपाई १०० शिलिंग आहे. कलम लहान आहे, पण ते वाचून मी पुस्तक खाली ठेविले. एक भाकर राखतो, एक भाकर खातो. आणि खाणाऱ्याचा जीव सहा शिलिंगांचा!

आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी गावकीची कामे केली, वेशीवर पहारा दिला, निरोप पोचविले, मेलेली गुरे ओढली, आणि संध्याकाळी दारोदार जाऊन भाकरीचे तुकडे गोळा केले. त्यास हक्क म्हणत, पण हक्काची भाकर अंगणात उभे राहून का घ्यावी लागे? मुंबई राज्याच्या १९५८ सालच्या कायद्याने ती कनिष्ठ वतने रद्द झाली. तरी ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण मागे राहिली आहे, आणि म्हण रद्द करणारा कायदा कोणी केलेला नाही. भाकर राखण्याचे काम जोपर्यंत खाणाऱ्यासाठी असते तोपर्यंत तो राखणदार खरा. खाणाऱ्याने टाळी वाजवावी म्हणून जो भाकर राखतो तो त्याच कोठाराचा चोर होय.

हा बदल इंग्रजी शब्दात कसा शिरला, ते राजा आल्फ्रेडाच्या कायद्यात दिसते. हा राजा ८७१ ते ८९९ पर्यंत राज्य करीत होता. तो विद्येचा चाहता व भक्तिमान होता, आणि त्याने लॅटिन ग्रंथ आपल्या प्रजेच्या भाषेत आणविले. त्याच्या कायद्याच्या आरंभी असे लिहिले आहे की पुष्कळ अपराधांस पहिल्या वेळी दंड घेऊन क्षमा करावी, पण धन्याशी केलेल्या द्रोहास क्षमा नाही. कारण ज्याने ख्रिस्तास मरणासाठी धरून दिले त्यास ख्रिस्ताने दया दाखविली नाही, आणि धन्यावर स्वतःसारखी प्रीती करावी अशी त्याची आज्ञा आहे. ख्रिस्ताने अशी आज्ञा कोठे केली? त्याने शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावयास सांगितले. शेजाऱ्याच्या पाटावर हळूच धनी येऊन बसला, आणि तो बसला तेव्हा कोणास आवाजदेखील आला नाही. राजाच्या भक्तीविषयी मला शंका नाही. पण लेखणी ज्याच्या हातात असते त्याच्याच बाजूस ती घसरते, आणि उपदेशकाची जीभही तशीच आहे. आज्ञाधारकपणावर आपण किती प्रवचने केली आणि ती कोणाच्या सोयीची होती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता त्या तरुण भावाच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. दहाव्या शतकाच्या शेवटी शेवटी शुभवर्तमानांचे जुन्या इंग्रजीत भाषांतर झाले, तेव्हा देवास व ख्रिस्तास लॉर्ड म्हणण्याचा प्रघात नव्हता. तेथे बहुधा 'द्रिख्तेन' हा शब्द असे, आणि तो फौजेतला शब्द होता. योद्ध्यांच्या टोळीचा नायक असा त्याचा मूळ अर्थ. ह्लाफोर्ड हा शब्द दाखल्यांतील घरधन्यांस लावीत. पुढील काही शतकांत फौजेचा शब्द हळूहळू मागे पडला व शेवटी भाषेतून नाहीसा झाला, आणि देवाच्या नावाच्या जागी भाकरीचा शब्द आला. वायक्लिफच्या अनुयायांनी १३८० नंतरच्या वर्षांत लॅटिनवरून शास्त्राचे भाषांतर केले त्यात तो आहे, आणि राजा जेम्सच्या आज्ञेने झालेल्या १६११ च्या भाषांतरात तर पानोपानी आहे. कोणी सभा भरवून असे ठरविले नव्हते. तोपर्यंत बोलणाऱ्यांस त्यात भाकर ऐकूही येत नव्हती.

यावरून कोणी असे समजू नये की शब्दाच्या मुळावरून मी मत सिद्ध करू पाहतो. नव्या करारातील ग्रीक शब्द 'कुरिओस' आहे. त्याचा अर्थ अधिकार असलेला, स्वामी, आणि त्यात भाकरीचा काही संबंध नाही. प्रभूचे प्रभुत्व इंग्रजांच्या कोशावर अवलंबून नाही. पण एखाद्या परक्या घरात पडलेली जुनी किल्ली आपल्या कुलपास लागली तर ती टाकून का द्यावी?

कारण आपला शास्त्रपाठ पाहा. ती वल्हांडणाची रात्र होती. येशूने नुकतीच भाकर घेऊन, उपकारस्तुती करून, मोडून त्यांस दिली होती. तो घास गिळतात न गिळतात तोच शिष्यांत वाद लागला की आपणांत मोठा कोण. तेव्हा येशूने त्यांस सांगितले की विदेश्यांचे राजे त्यांवर सत्ता चालवितात, आणि सत्ता चालविणाऱ्यांस लोक उपकारकर्ते म्हणतात. तुम्ही मात्र तसे नसावे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात या ठिकाणी सत्ता चालविणे यास लॉर्डशिप असाच शब्द घातला आहे. म्हणजे एकाच पुस्तकात ख्रिस्तही लॉर्ड, आणि ख्रिस्ताने जे वर्ज्य केले तेही लॉर्डपण! भाषांतरकारांचा यात दोष नाही. तोपर्यंत त्या शब्दाचे दोन तुकडे झाले होते, आणि त्या मेजावर दोन्ही तुकडे समोरासमोर आले. एका बाजूस मोठेपणाचा वाद, दुसऱ्या बाजूस मोडलेली भाकर. मेजाशी बसणारा मोठा की वाढणारा मोठा, असे येशूने विचारिले, आणि आपण त्यांच्यामध्ये वाढणाऱ्यासारखा आहो असे तो म्हणाला. ज्या गावी तो जन्मला त्या बेथलेहेमाच्या नावाचा इब्री भाषेत अर्थ भाकरीचे घर असा आहे, आणि ज्यात त्यास निजविले ती गुरांच्या चाऱ्याची गव्हाण होती. त्याने अरण्यात स्वतःसाठी धोंड्यांची भाकर केली नाही, पण पाच हजारांस गवतावर बसवून जेवू घातले, आणि त्यांनी त्यास राजा करावयास पाहिले तेव्हा तो डोंगरावर एकटा निघून गेला. त्याने टाळी घेतली नाही.

विलायतेत तो शब्द पुढे कोठे कोठे गेला हे थोडक्यात सांगतो. जमिनीचा मालक तो लॉर्ड, बायकोचा नवरा तो तिचा लॉर्ड, आणि पार्लमेंटच्या एका सभागृहाचे नावच लॉर्डांचे. नंतर तो जहाजात बसून आपल्या देशात आला. मुंबईच्या गव्हर्नरास आपले लोक लाटसाहेब म्हणू लागले. तो जन्माने लॉर्ड असो वा नसो. यूल व बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन नावाचा कोश १८८६ साली छापला गेला. त्यात सेनापतीस जंगी लाट म्हणत असे नोंदले आहे, आणि, पाळकांनो, कान देऊन ऐका, बिशपास लाट पाद्री म्हणत असेही नोंदले आहे. न्यायालयांत माय लॉर्ड म्हणण्याची गरज नाही असा ठराव भारताच्या बार कौन्सिलने २००६ साली केला, आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टानेही तसे म्हणणे सक्तीचे नाही असे सांगितले. तरी सवय जात नाही. गव्हर्नराच्या बंगल्यातून तो शब्द गावच्या पारावर आला, आणि पारावर त्याची टर झाली. आळशी, मिजासखोर मनुष्य तो लाटसाहेब. लोकांनी त्या शब्दाची जितकी परीक्षा केली तितकी कोणा पंडिताने केली नाही.

लाट पाद्री हा शब्द मी नुसता कोशात वाचला असता तर बरे झाले असते. २०१३ सालच्या दुष्काळात मी मराठवाड्यातील एका मंडळीवर होतो. दूरच्या एका मंडळीने आमच्यासाठी पंधरा पोती ज्वारी पाठविली. ती मंदिराच्या मागच्या खोलीत ठेवून मी कुलूप लाविले व किल्ली खिशात ठेविली. एक रजिस्टर केले. रविवारी उपासनेनंतर धान्य मिळेल, जो उपासनेस नसेल त्याचे नाव शेवटी, असा नियम मी घातला, आणि शिस्त राहते म्हणून मनात संतोष मानिला. बाहेरचे लोक आपणांस टोमणा मारितात की यांनी पोटासाठी धर्म घेतला. तो टोमणा मी आपल्या हाताने, रेघा आखून, खरा करीत होतो, आणि मला ते कळत नव्हते.

एका बुधवारी एक म्हातारी आजी आली. तिची सून बाळंत होऊन चार दिवस झाले होते, म्हणून तिला रविवारी येता आले नव्हते. मी म्हणालो, "आजी, आता रविवारीच या. एकाला दिले म्हणजे सगळे येतील." ती भांडली नाही. पदर सावरून माझ्याकडे पाहिले, "बरं, लाटसाहेब," एवढेच म्हणाली आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत घालून गेली.

त्या रात्री माझ्या ताटातली भाकर तशीच राहिली. पेत्राने वडिलांस लिहिलेले मला आठवत होते की कळपावर धनीपण गाजवू नका; त्या वचनावर मी परीक्षेत उत्तर लिहून चांगले गुण मिळविले होते. उजाडताच एक पायली ज्वारी घेऊन मी तिच्या घरी गेलो. चूल पेटली होती. शेजारच्या बाईने, जी आपल्या मंडळीतली नव्हे, रात्रीच पीठ आणून दिले होते, आणि आजी काठवटीत ते मळीत होती. मी दारात उभा राहून क्षमा मागू लागलो, पण तिला आवाज ऐकावयास वेळ नव्हता. तवा तापला होता. तिने भाकर थापली, टाकली, पाणी फिरविले, उलटली. मग मला म्हणाली, "उभे का? बसा की." पहिली भाकर तिने सुनेसाठी झाकून ठेविली. दुसरी मोडून अर्धी माझ्या हातावर दिली, वर थोडा ठेचा.

मी जमिनीवर बसून ती खाल्ली. ह्लाफ-ऍटा हा शब्द त्या वेळी मी ऐकलेलाही नव्हता. खाऊन झाल्यावर मी किल्ली काढून तिच्यापुढे ठेविली. तिने हात पिठाचे होते म्हणून ती कोपऱ्यातल्या खुंटीवर अडकवावयास सांगितली, आणि दुष्काळ सरेपर्यंत ती तेथेच असे. कोणाच्या घरी पीठ संपले आहे हे तिला रजिस्टर न पाहता ठाऊक असे.